बुधाभाऊची व्हॅन आणि घाटघरचा चढ

प्रत्येक गॅरेजात एक पत्र्याचा डबा असतो. गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतोच. (उरत नाही म्हणणारा मिस्त्री भेटला तर खुशाल समजा, खोटं बोलतोय!) तो नट फेकून देववत नाही. "लागंल कधीतरी" म्हणून डब्यात जातो. किश्श्यांचंही तसंच. रोज एखादा उरतो, डब्यात पडतो. माझ्या डब्याचं तर आता झाकण बसत नाही.

परवा गॅरेजात माझ्या हाताखाली काम करणारा पोपट म्हणाला, "आक्का, हे सगळं लिहून काढा. न्हायतर तुमच्याबरोबर जाईल."

मी म्हटलं, "मी कुठं चाललेय?"

तो कामाला लागला. पण दुपारी वही मात्र घेऊन आला.

तर त्या डब्यातली एकच मूठ इथं काढते. सगळे नट एकाच गाडीचे आहेत.

*

आधी मिस्त्री कोण ते सांगते. मिस्त्री मी. वय सत्तरच्या पुढं, शिक्षण सातवी, तेही गणितात काठावर. जुन्नरबाहेर आपटाळ्याच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. कुणी शिकवलं विचाराल, तर कुणी नाही.

माहेर माझं अवसरी बुद्रुक, सासर इकडं जुन्नरला. सासरी विहिरीवर ऑईल इंजिन होतं. ते बंद पडलं की आमचे मालक नारायणगावहून मिस्त्री येण्याची वाट बघत बसायचे. एकदा तीन दिवस बसले. गव्हाची पानं पिवळी पडायला लागली. चौथ्या दिवशी ते बाजाराला गेले आणि मी इंजिन खोललं. निघालेला एकेक भाग ओळीनं मांडला, आणि कुठला कशानंतर निघाला त्याची चित्रं कोळशानं विहिरीच्या भिंतीवर काढली. मग पुसून-पासून उलट्या क्रमानं जोडलं. हँडल मारलं, तिसऱ्या फेरीला धडधडायला लागलं!

मालक परत आले. पाणी पाटात बघून त्यांचा विश्वास बसेना. इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलतील.

म्हणाले, "चालू झालं ते ठीक. पण तू पुसलंयस ते माझं लग्नाचं धोतर हाय!"

*

बाई मिस्त्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यावर झापड येते. एकदा पुण्याची एक मोठी गाडी दारात बंद पडली. आतनं काळा चष्मा उतरला.

"आजी, मेकॅनिक आहेत का?"

"हायेत."

"बोलवा ना जरा."

मी आत गेले. पदर खोचला, निळा ॲप्रन चढवला, पाना हातात घेतला आणि बाहेर आले.

"बोला साहेब. काय झालं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "आजी... आत अजून कुणी आहे का?"

"हाय की. पोपट हाय. पण त्याला मी शिकवलंय!"

हा पोपट म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. पन्नाशीचा आहे, वजन शंभर किलोच्या वर. हात चांगला, फक्त मी जे बोलेन त्याला "बराबर हाय आक्का" म्हणतो. मी चुकले तरी म्हणतो. त्याचा त्रास पुढं कळेलच.

*

आता बुधाभाऊ. हा घाटघरचा. नाणेघाटाच्या अंगाला, डोंगरातलं गाव. तिकडं भात पिकतं, पण भरडायला खाली यावं लागायचं. बुधाभाऊनं डोकं लढवलं. दोन चाकांच्या ट्रॉलीवर भात भरडायची गिरणी बसवली, ती फिरवायला तिथंच डिझेल इंजिन बसवलं, आणि हे सगळं ओढायला एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. व्हॅन जुनी असली तरी कार्ब्युरेटरवाली नव्हे, फ्युएल इंजेक्शनची! हे तो प्रत्येकाला सांगायचा, जावई इंजिनिअर असल्यासारखं.

दसऱ्याच्या आधी तो बायकोला, हौसाबाईला घेऊन आला. व्हॅन, मागं ट्रॉली, ट्रॉलीवर गिरणी. हौसाबाईच्या काखेत लाकडाचा एक भलाथोरला ठोकळा.

"आक्का, गाडी चढाला दम सोडती. ट्रॉली वढत न्हाई."

"सोडती म्हंजे किती?"

"आता कसं सांगू... घाटघरचा शेवटला चढ लागला की हौसा उतरती. ठोकळा घिऊन मागनं चालती. गाडी थांबली की चाकामागं ठोकळा. इंजिन गार झालं की परत निघायचं. चार ठिकाणी ठोकळा लागतो. शेवटच्या वळणाला ती ठोकळा माझ्याकडं देती आन पुढं जाती, घरी जाऊन चहा ठिवती."

"मग?"

"मग काय! मी पोचतो तवा चहा गार झालेला असतो."

हौसाबाईनं ठोकळा दुसऱ्या काखेत घेतला. म्हणाली, "आता तर त्यांना गरम दिला की भाजतं म्हणत्यात!"

*

नेमका त्या दिवशी माझा मुलगा विलास आलेला. विलास चाकणला एका कंपनीत इंजिनिअर आहे, राहायला मोशीला, सहाव्या मजल्यावर. घर सुंदर आहे. फरशीवर तेलाचा एक डाग नाही. अशा घरात माणसानं दिवसभर करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण गॅरेज बंद करून मी तिथं राहावं, हा त्याचा चार वर्षांचा हट्ट.

त्यानं व्हॅनला वायर जोडली, लॅपटॉप उघडला. बराच वेळ बघून म्हणाला, "आई, एकही फॉल्ट दाखवत नाही. इंजिन ठीक आहे."

मी म्हटलं, "मग हे गाडीला सांग. मला सांगून काय उपयोग?"

"म्हणजे गाडी म्हातारी झालीये, एवढंच. म्हाताऱ्या गाडीकडून असली कामं करून घेऊ नयेत. विश्रांती द्यावी."

गॅरेजात सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो गाडीबद्दल बोलत नव्हता, हे पोपटलासुद्धा कळलं!

मी हातातला पाना खाली ठेवला. "लाव पैज. ही गाडी ट्रॉलीसकट घाटघरचा चढ चढली, तर गॅरेज बंद कर हे पुन्हा तोंडातनं काढायचं नाय."

"एका दमात? ठोकळा न लावता?"

"एका दमात."

"आणि नाही चढली तर?"

"तर मी स्वतः कुलूप लावीन आणि चावी तुझ्या हातात देईन. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. ये तेव्हा."

पोपट म्हणाला, "बराबर हाय आक्का." मग काय बोलून बसलो ते लक्षात येऊन त्यानं तोंडावर हात ठेवला.

*

जुन्नरच्या पेठेत पारसशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण पारसशेठ माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि माझ्यापेक्षा गोड. गोड बोलणाऱ्याच्या दुकानात बुधाभाऊला एकट्याला पाठवायला नको होतं. मी स्पार्क प्लग आणायला पाठवला. तो प्लग तर घेऊन आलाच, शिवाय तांब्यासारख्या तोंडाचा एक चकचकीत सायलेन्सर घेऊन आला.

"आक्का, शेठ म्हणाले ह्यानं पावर वाढती!"

मी नको म्हणत होते. पण बुधाभाऊचा चेहरा नवरदेवासारखा. म्हटलं, लावू दे, फिटू दे हौस. लावला. सुरू केल्यावर समोरच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती संध्याकाळी परत आली.

दोन दिवसांनी बुधाभाऊ पडेल तोंडानं हजर.

"काय झालं?"

"काय व्हायचं! आवाज ऐकून सगळं गाव रस्त्यावर आलं. सरपंच म्हणाला रस्त्याला मशीन आलं, रोलर आला. पोरं नाचाया लागली. आर्धा तास सगळी वाट बघत उभी. मग मी आलो... ठोकळ्यासकट!"

मी तडक पेठेत. "शेठ, काय विकलंत ह्याला?"

पारसशेठनी हात जोडले. "आक्का, खोटं बोलणार नाही. मी फक्त आवाजाची गॅरंटी दिली होती. चढाची कुठं दिली?"

*

ताकद वाढवणं म्हणजे काहीतरी नवं आणून लावणं, असं सगळ्यांना वाटतं. माझं उलट आहे. आधी गाडीची ताकद कोण खातंय ते बघावं. मी जुना सायलेन्सर परत चढवला, इंजेक्टर काढून साफ केले, थ्रॉटलची काजळी धुतली, प्लग बदलले. ट्रॉलीचा एक ब्रेक चिकटून चाक घासत होतं, तो सोडवला. मग म्हटलं, आता ट्रॉलीचं वजन करू.

वजनकाट्यावर नेली. आकडा बघून बुधाभाऊ म्हणाला, "काटा बिघडलाय."

"काटा नाय बिघडला. ट्रॉलीत काय काय भरलंयस?"

"काय न्हाई. रिकामीच हाय."

गिरणीखाली लाकडी पेटी होती. पोपटनं ती उपसायला घेतली. जळकी मोटर निघाली. नांगराचे दोन फाळ निघाले. तुटका जॅक, गंजकी साखळी, कुणाच्या तरी लग्नातला लोखंडी खांब. प्रत्येक वस्तूला बुधाभाऊचं एकच उत्तर, "लागंल कधीतरी." मला माझा नटाचा डबा आठवला, म्हणून मी फार बोलले नाही.

तळाला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. पोपटनं उघडलं, तर पाटा-वरवंटा! चांगला, काळाभोर, छिन्नीनं टाकी लावलेला.

हौसाबाई पुढं झाली. पाट्याकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं.

"हा माझा पाटा हाय."

"आगं, सुरवातीला ठोकळा नव्हता, तवा चाकाला लावाया घेतला व्हता..."

"मी तीन वर्सं जावंशी बोलत न्हाई. पाटा तिनं चोरला म्हून!"

बुधाभाऊ पोपटच्या मागं जाऊन उभा राहिला. मागं जाऊन उभं राहायला पोपट फार सोयीचा आहे.

हौसाबाईनं पाटा उचलून डोक्यावर घेतला. जाताना मला म्हणाली, "आक्का, तुमी ट्रॉलीचं वज्जन कमी केलं, लई बेस झालं. पर आता मला जावंच्या पाया पडावं लागंल, त्याचं काय करू?"

*

वजन उतरलं, तरी ट्रॉली चालताना व्हॅनचं बूड उचलायची. पोपट वाकून, निजून, सगळीकडून बघत होता आणि दमून हुकावर, म्हणजे व्हॅन आणि ट्रॉली जोडतो त्या दांड्यावर, टेकला. आणि व्हॅनची मागची चाकं जमिनीला अशी घट्ट बसली!

तेव्हा मला उजेड पडला. गिरणी ट्रॉलीवर फार मागं बसवली होती. मागं वजन जास्त, म्हणून पुढचा दांडा वर उचलायचा, व्हॅनला पण उचलायचा. ह्या व्हॅनला जोर मागच्या चाकांत. ती चाकंच हलकी झाल्यावर ती ओढणार कशानं?

खात्री करायला पोपटला दांड्यावर बसवून आवारातल्या आवारात गाडी हळूहळू फिरवली. काय ओढली! बुधाभाऊ हरखला.

"आक्का, झालं काम! आता येक करा."

"काय?"

"पोपटरावांना भाताचा हंगाम संपंपर्यंत द्या."

मी गिरणी हातभर पुढं सरकवून बसवली. बुधाभाऊ मात्र दोन दिवस नाराज. म्हणाला, "ह्याच्यात तसली मज्जा न्हाई."

*

ताकद इंजिनात असते, तशी दातांत पण असते. मागच्या एक्सलमध्ये गिअरचे दात असतात. ते बदलले तर गाडीचा पळ कमी होतो, पण ओढ वाढते. मंचरच्या भंगारात मला ह्याच जातीची, मालवाहू व्हॅन सापडली. तिचे दात काढून इकडं बसवले. पोपटला म्हटलं, आपटाळ्यापर्यंत एक चक्कर मारून ये.

तो आला तो नाचतच. "आक्का, सत्तरनं गेली! काटा सत्तरवर! ही गाडी जन्मात कधी सत्तरनं गेली नसंल!"

"काही त्रास?"

"न्हाई. फक्त दूधवाला शंकर मागनं आला, दोन्ही बाजूला कॅन, आन तंबाखू मळत मळत पुढं निघून गेला. कसली पळवतो राव हल्ली गाडी!"

आता स्पीडोमीटर गिअरबॉक्सला जोडलेला. मागचे दात बदलले, ते त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो जुन्या हिशेबानं वाढवून सांगत होता. मी हे बुधाभाऊला नीट समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे काटा खोटं बोलतो?"

"व्हय. दुरुस्त करून देऊ?"

"राहू द्या आक्का," तो म्हणाला. "तेवढंच बरं वाटतं."

*

दिवाळी झाली. गाडी घाटघरला गेली. पहिल्या दिवशी बुधाभाऊचा फोन, "आक्का, पाखरावाणी चढली! ठोकळा येकदाच!" मी पोपटला भजी आणायला सांगितली.

पाचव्या दिवशी परत फोन. आवाज बारीक.

"आक्का... हौसा परत चालाया लागली."

रविवार आठ दिवसांवर. मला त्या रात्री सहाव्या मजल्याची ती फरशी दिसायला लागली. पांढरी. डागाशिवाय.

सकाळी पिशवीत पाने भरले आणि एस.टी.नं घाटघर गाठलं. माणूस आजारी पडतो तिथं जाऊन बघितलं पाहिजे, दवाखान्यात तो बराच दिसतो! गेले तर गिरणी जोरात सुरू. बायका पोती घेऊन ओळीत बसलेल्या. घाटाकडून वारं उठलेलं. गिरणीच्या तोंडातनं भाताचं तूस उडतंय, आणि ज्या बाजूला उडतंय तिथंच व्हॅन आडवी उभी. वर भोंगा, भोंग्यावर गाणी. व्हॅनचं इंजिन सुरू!

"बुधाभाऊ, गाडी हितं कोण लावतं?"

"मीच की! रोज हितंच असती." तो खूश. "तूस उडून शेजारणीच्या अंगणात जातं, ती वरडती. गाडी आडवी लावली की तूस गाडीलाच आडतं. डोकं लावलंय आक्का!"

"आणि इंजिन कशाला सुरू?"

"गाण्यानं बॅटरी उतरती ना!"

मी आत वाकून चावी फिरवली, इंजिन बंद केलं. सीट उचलली, एअर फिल्टरचा डबा खोलला. इंजिन जिथनं श्वास घेतं ती ही जागा. आत तूस असं गच्च भरलेलं, की कोंबडीनं येऊन अंडी घातली असती! दिवसभर ती गाडी भाताचं तूस हुंगत होती आणि संध्याकाळी तिला आम्ही चढ चढ म्हणत होतो.

आता एक लिहिते, आणि एकदाच लिहिते. हाच डबा मी पहिल्या दिवशी गॅरेजात खोलला होता. तूस निघालं होतं. मी हवा मारून साफ केला आणि पोपटला म्हटलं होतं, "भात भरडणाऱ्याच्या गाडीत तूस नाय निघणार, तर केशर निघणार?" आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पोपट म्हणाला होता, "बराबर हाय आक्का."

बराबर नव्हतं. चूक माझी. झालं लिहून.

*

उपाय अर्ध्या दिवसाचा. पाण्याचा पीव्हीसी पाईप घेतला, इंजिनाचं नाक त्याला जोडलं आणि पाईप बाहेरून टपाच्या वर नेला. तोंडावर हौसाबाईचा जुना स्टीलचा तांब्या उलटा बांधला, खालून हवा जायला चार बोटं जागा ठेवून. फिल्टर नवा. गाडी उभी करायची ती वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. शेजारणीकडं मी स्वतः गेले. तिला म्हटलं, "आठ दिवस तूस सोस. माझं गॅरेज त्याच्यावर हाय."

ती म्हणाली, "तुमाला कोण न्हाई म्हणतंय? पर ती गाणी तेवढी बदलाया सांगा!"

(तो पाईप बघायला पारसशेठ मुद्दाम वर आले होते. आता तसेच चार पाईप त्यांच्या दुकानात टांगलेले आहेत, तांब्यासकट. वर चिठ्ठी आहे, 'इम्पोर्टेड'.)

*

रविवार उजाडला.

विलास मोशीहून आला. सोबत लॅपटॉप होता. मी गॅरेजला कुलूप लावलं आणि चावी त्याच्यादेखत कमरेला खोचली. "संध्याकाळी बघू कुणाकडं जाते ती."

व्हॅन चालवायला बुधाभाऊ, शेजारी मी. मागं विलास, आणि सरकत्या दाराशी हौसाबाई, मांडीवर ठोकळा. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर गिरणी. पोपट गॅरेजातच राहिला. म्हणाला, "मी आलो तर वजन वाढंल आक्का." जन्मात पहिल्यांदा तो स्वतःच्या डोक्यानं बोलला, आणि बरोबर बोलला!

आपटाळे गेलं. रस्ता वर वर निघाला. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी बुधाभाऊनं गाडी अगदी हळू केली, पहिला गिअर टाकला, मनातल्या मनात भीमाशंकराला हात जोडले आणि पाय दाबला.

गाडी निघाली.

पहिलं वळण. इथं पहिला ठोकळा लागायचा. गाडी थांबली नाही. दुसरं वळण. बुधाभाऊच्या कपाळावर घाम. "बोलू नका, कुणी बोलू नका," तो म्हणाला. कुणीच बोलत नव्हतं. तिसऱ्या वळणाला इंजिनाचा आवाज थोडा बसला. माझा हात आपोआप कमरेच्या चावीवर गेला. बुधाभाऊनं पाय जरा उचलला, परत दाबला, आणि गाडीनं श्वास घेतला. खरंच घेतला! वर तांब्यात घुमलेला मला ऐकू आला.

चौथं वळण. शेवटचं वळण. सपाटी!

बुधाभाऊनं गाडी थेट घराच्या अंगणात नेली आणि मगच थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. "चढली! आक्का, येका दमात चढली! हौसा, बघितलंस का गं?"

आम्ही मागं वळून बघितलं. सरकतं दार उघडं. हौसाबाई जागेवर नाही. विलास लॅपटॉपमधलं डोकं वर काढून म्हणाला, "अरे! त्या कधी उतरल्या?"

बुधाभाऊ टेकाडाच्या कडेला पळाला. मी मागोमाग. खाली दुसऱ्या वळणाला एक हिरवं लुगडं, काखेत ठोकळा, शांतपणे चढ चढत होतं. इतक्या वर्षांची सवय. पायथा आला, गाडी हळू झाली, ती उतरली!

"हौसाऽऽ! आलो गंऽऽ मी!" बुधाभाऊ वरून ओरडला.

खालून हौसाबाईनं फक्त हात हलवला. दम वाया घालवणारी बाई नाही ती.

बुधाभाऊ कडेवरून मागं फिरला. मग एकदम घरात गेला. भांड्यांचा आवाज आला. साखरेचा डबा कुठाय, चहापत्ती कुठाय, असं स्वतःशीच बोलत त्यानं चूल पेटवली.

विलास अंगणात व्हॅनभोवती फिरत होता. त्यानं पाईपला हात लावला, हलवून बघितला. तांब्याखाली वाकून बघितलं. मी ओसरीवर बसून त्याच्याकडं बघत होते. आपणहून विचारणारी मी नव्हे.

मग हात पुसत तो म्हणाला, "आई, उद्या गॅरेज किती वाजता उघडतेस?"

"आठला. का?"

"रजा टाकतोय. हा पाईप हलतोय. नीट क्लॅम्प बनवायला पाहिजे."

"मग साडेसातला ये," मी म्हटलं. "आधी झाडायचं असतं."

चहा झाला. आम्ही तिघांनी घेतला. बुधाभाऊनं एक कप गाळून बशीनं झाकून उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच शेजारी बसला. दर दोन मिनिटांनी रस्त्याकडं बघायचा, मग कपाकडं.

शेवटी हौसाबाई आली. आमच्याकडं बघितलं नाही. सरळ ट्रॉलीकडं गेली, आणि सपाट अंगणात, जागच्या जागी उभ्या असलेल्या त्या ट्रॉलीच्या चाकामागं ठोकळा नीट बसवला. पायानं दाबून घट्ट केला. मग पदरानं तोंड पुसत उंबऱ्यावर बसली. बुधाभाऊनं बशी काढून कप पुढं केला.

तिनं एक घोट घेतला. नवऱ्याकडं बघितलं.

"गार हाय," म्हणाली.

आणि सगळा कप रिकामा करून परत पुढं धरला, "आजून घाला."